पोटुशीसमोर साप आंधळा होतो म्हणे

आमच्या गावात तणसीच्या ढिगात हात घालायची वेळ आली की घरातल्या पोटुशी बाईला पुढे करतात. तणस म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा. त्यात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोटुशी बाई समोर आली की साप आंधळा होतो, जागच्या जागी पडून राहतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पहिली गोष्ट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली, दुसरी कुणीच नाही, तरी भरवसा दुसरीवर जास्त. म्हणून धडधाकट गडी बाजूला बिडी ओढत उभे राहतात आणि आठ महिन्यांचं पोट सांभाळत बाई वाकते. यात छळायचा कुणाचा हेतू नसतो बरं का. उलट तो मान असतो. तिच्या अंगात आता देवीचं बळ आहे, असं म्हणतात. जळो तो मान.

मला तो मान मिळाला तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. माहेर माझं आमगावचं, सासर तिरोड्याकडचं. नवरा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कामाला, सकाळच्या गाडीने जायचा. घरी मी आणि सासू. मी ब्लाऊज शिवायची, सासू गाय आणि बांधीतलं, म्हणजे शेतातलं, धान पाहायची. सासू वाईट नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर ऐकणारा लगेच म्हणेल, हं, खाष्ट सासूची गोष्ट. माशाची चांगली तुकडी ती माझ्या ताटात टाकायची आणि स्वतः डोकं चोखत बसायची. रोज संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावायची. तिने मला ढिगाकडे पाठवलं तेही मायेनेच. याचाच मला अजून संताप येतो.

धानाची झोडणी झाली होती. घरामागच्या सांदवाडीत जुन्या तणसीचा ढीग होता. तो मोडून गाडीत भरायचा आणि नवा रचायचा, एवढंच काम. शेजारचे दोघं मदतीला आले होते. दोघंही ढिगापासून चार हात लांब उभे. सासू म्हणाली, "तू हात लाव वो पयले. तुह्यासमोर साप आंधरा होते."

मी म्हटलं, "आई, मी पोटुशी आहे हे त्या सापाला सांगणार कोण?"

सगळे हसले. मीही हसले. मग वाकले, आणि पहिली पेंडी ओढली.

आधी आवाज आला. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते तसा, पण कितीतरी लांबलेला. मला वाटलं शेजारणीच्या घरात काही शिजतंय. मग घोट्यावर तापलेली सळई टेकावी तशी कळ आली. खाली पाहिलं तर जाडजूड, मातकट रंगाचा, पाठीवर साखळीसारखे काळे ठिपके. पुण्यामुंबईकडे घोणस म्हणतात, आमच्याकडे परड. डोळे चांगले टक्क उघडे होते त्याचे. मला नीट पाहून, नीट नेम धरून चावला, आणि सावकाश ढिगात निघून गेला.

मी ओरडले, "परड चावला."

आता यानंतर काय व्हायला पाहिजे होतं? गाडी काढायला पाहिजे होती. पण इथे सभा भरली. एक जण काठीने ढीग उचकून म्हणाला, काहीच दिसून नाही राहिलं. दुसरा म्हणाला धामण असन, धामणीले इख नसते. सासूने माझा पाय मांडीवर घेतला, रक्त पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "काटा रुतला असन वो. पोटुशी बाईले साप चावतच नाई."

"आई, मी पाहिला त्याला."

"भेव वाटला तुले. अशा दिवसात वाटते."

तेवढ्यात शेजारीण आली. तिने सगळं ऐकून घेतलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चावलाच असन, त मंग पोटात लेकरूच आहे का दुसरं काही, कोणाले मालूम."

घ्या. म्हणजे समज खोटा नाही, माझं पोट खोटं. आठ महिन्यांचं, आत लाथा मारणारं पोर एका वाक्यात तिने पुसून टाकलं. त्या बाईला मी आजही माझ्या दारात उभी करत नाही. लोक म्हणतात जाऊ दे, जुनी माणसं आहेत. माझ्याहून ती फार तर दहा वर्षांनी मोठी असेल.

हळद लावली. पायाला काळा दोरा बांधायची तयारी झाली. तोवर घोटा टरारून सुजला होता आणि पैंजण मांसात रुतायला लागलं होतं. मी ते ओढून काढलं. मग जोडव्यांना हात घातला तर सासूने माझं मनगट धरलं. "जोडवे नोको काढू वो, नवरा आहे तुहा." बोटं वांग्यासारखी झाली होती आणि हिला जोडव्यांची पडली होती. मी तिचा हात झटकला आणि साबण लावून तीही काढली. चाव्याच्या जागेतून रक्त यायचं थांबत नव्हतं. पुसलं की परत यायचं, पातळ, पाण्यासारखं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की पोटात हालचाल नाही. दुपारी जेवल्यावर माझं पोर हमखास लाथा मारायचं, इतकं की शिवताना माप चुकायचं. त्या दिवशी काहीच नाही. मी पोटावर हात दाबून वाट पाहिली. मग कुणाला काही विचारलं नाही. उठले, लंगडत समोरच्या रस्त्यावर आले आणि शेजारच्या किराणावाल्याच्या ऑटोत जाऊन बसले. साप चावल्यावर चालू नये, मला माहीत होतं. पण उचलून नेणारी माणसं काठीने ढीग उचकत होती.

किराणावाला गोंदिया शहरातून आलेला, त्याला आमच्या समजुती फारशा माहीत नाहीत. त्याने माझा पाय पाहिला आणि म्हणाला, "भाभी, पैर ऊपर रखो," आणि दुकान उघडं टाकून निघाला. सासू धावत येऊन माझ्या बाजूला बसली. वाटभर ती देवाचं नाव घेत होती आणि मधूनच म्हणत होती, काटाच असन. मी नवऱ्याला फोन लावत होते. मिलच्या धडधडाटात त्याला फोन ऐकू येत नाही, हे रोजचंच.

मला वाटलं होतं, तिरोड्याच्या दवाखान्यात पोचले की सुटले. तिथे शिकलेली माणसं आहेत, तिथे सापाला आंधळं करणारं कुणी नाही.

डॉक्टर तरुण होता, माझ्याच वयाचा. हुशार होता, खोटं कशाला बोलू. पायाकडे एकदा पाहिलं, दंडातून रक्त घेतलं, काचेच्या लहानशा नळीत टाकलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. कुणी हलवू नका म्हणाला. चांगलं रक्त थोड्या वेळात थिजतं, नळी आडवी केली तरी सांडत नाही. माझं थिजलं का, हे पाहायचं होतं. वेळ झाल्यावर त्याने नळी तिरकी केली आणि माझं रक्त सरबतासारखं वाहिलं. मी पाहिलं. त्यानेही पाहिलं. परडच आहे, विष भिनलंय, म्हणाला. तेव्हा कुठे सासूच्या तोंडातलं काट्याचं नाव बंद झालं.

औषध होतं. त्याच खोलीत, फ्रिजमध्ये. नर्सबाईंनी फ्रिज उघडून बाटल्या बाहेर काढून ठेवल्यासुद्धा. मग घोडं कुठे अडलं? तर परत माझ्या पोटाशी.

"प्रेग्नंट आहेत ना," डॉक्टर म्हणाला. "आठवा महिना. या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. बाळाला काही झालं तर?"

सासूने लगेच हात जोडले. "नोका लावू जी सुई. गरम औषद असते, लेकरू पडन."

बघा कसं जमलं दोघांचं. एक अंगठेबहाद्दर, एक डॉक्टर, आणि दोघांचं एकमत. डॉक्टर म्हणाला, गोंदियाला न्या, तिथे बाळंतपणाच्या तज्ज्ञांना विचारून काय ते ठरवतील. शिवाय घरच्यांची सही लागेल, यांच्या मिस्टरांना बोलवा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. विष माझ्या अंगात, औषध दोन हातांवर, आणि परवानगी गोंदियाच्या मिलमध्ये धान भरडत होती.

मी म्हटलं, "साप मला चावला. सही मी करते. बारावी झालेय मी."

"ताई, तसं नसतं," तो म्हणाला.

कसं असतं मग? हातपाय मोडलेल्या गड्याला सांगतात का, बायकोला आण म्हणून? माझ्या तोंडात खारट चव आली होती. मी त्याच्या पांढऱ्या फरशीवर थुंकले. लाल होतं. हिरड्यांतून रक्त सुटलं होतं. फरशी घाण करायची मला हौस नव्हती, पण बोलून काही होत नव्हतं, आणि ते पाहून मात्र तो हलला. त्याने खिशातून फोन काढला आणि गोंदियाच्या मोठ्या डॉक्टरीण बाईंना लावला. हात मोकळे राहावेत म्हणून फोन टेबलावर ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"रक्त गोठतंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम."

"औषध आहे तुझ्याकडे?"

"आहे. पण मॅडम, आठवा महिना..."

"मग? पोटातलं मूल कुणाच्या रक्तावर जगतंय? आईचं रक्त पाणी झालंय आणि तू मुलाला जपतोयस? आई गेली तर मूल कुठे राहणार आहे, तुझ्या फ्रिजमध्ये?"

नर्सबाईंनी पहिली बाटली हातात घेतली.

"गरोदर नसती तर जेवढं दिलं असतंस तेवढंच दे. कमी नको, उशीर नको. रिअ‍ॅक्शनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेव. बाईला विचार आणि लाव, मग पाठव माझ्याकडे."

ती बाई मी तोवर पाहिली नव्हती. पण 'बाईला विचार' हे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याच तोंडून आले. डॉक्टर माझ्याकडे वळला. त्याने विचारायच्या आधी मी म्हटलं, "लावा."

सलाईनमधून औषध सुरू झालं. थोड्या वेळाने मला हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या, छाती जड झाली. सासूने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "म्हनलं होतं ना मी." पण डॉक्टर तेव्हा घाबरला नाही, हे श्रेय त्याच्या पदरात घालायलाच हवं. औषध थांबवलं, भरून ठेवलेलं इंजेक्शन दिलं, मी सावरल्यावर परत सुरू केलं. काम त्याला येतच होतं. मग मला तेवढा वेळ लटकवून का ठेवलं? मी मेले असते तर सापाने मारलं म्हणाले असते. सुईनंतर पोर गेलं असतं तर डॉक्टरने मारलं म्हणाले असते. हा हिशेब होता. मला तो कळतो. पण त्या हिशेबात माझा जीव कुठे होता, ते मला कुणी सांगितलं नाही.

नवऱ्याला शेवटी फोन लागला होता; गोंदियाला पोचले तेव्हा तो दवाखान्याच्या दारात उभा होता, अंगावर कोंड्याची धूळ तशीच. मला स्ट्रेचरवरून आत नेताना त्याने एकच विचारलं, "लेकरू?" मी म्हटलं, "हलून नाही राहिलं." त्याने माझा हात घट्ट धरला. माझ्या पायाचं विचारायचं त्याला सुचलं नाही, आणि तेव्हा मलाही ते खटकलं नाही. माझंही सगळं चित्त तिथेच होतं.

डॉक्टरीण बाई बुटक्या होत्या, आवाज मात्र फोनवरचाच. पोटावर गार मलम लावून त्यांनी एक यंत्र फिरवायला सुरुवात केली. डावीकडे खरखर. उजवीकडे खरखर. खाली घेतलं, वर घेतलं, परत डावीकडे. मी छताकडे पाहत राहिले, पंख्याला जळमटं लोंबत होती. मग एकदम आवाज आला, टकटकटकटक, माझी शिलाई मशीन सरळ शिवणीवर पळते तसा. बाईंनी यंत्र तिथेच धरून ठेवलं. नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. मी रडले नाही. मला फार राग आला होता, इतका की रडायला जागाच उरली नव्हती.

पुढचे दिवस वाईट गेले. औषधाच्या आणखी बाटल्या लागल्या, परक्यांचं रक्त अंगात गेलं, लघवी काळसर व्हायची तेव्हा सगळे मूत्रपिंडाचं बोलायचे. पाय मांडीपर्यंत निळाकाळा पडला. हळूहळू काचेच्या नळीतलं रक्त थिजायला लागलं. आणि मी बरी होतेय म्हणेपर्यंत कळा सुरू झाल्या. पोर वेळेआधी आलं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली ती अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशी.

इथे गोष्ट संपायला पाहिजे होती ना? मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सासूची बहीण आली, मोठी जाणती म्हणून तिचा गावात दरारा. मी पोरीला छातीशी घेत होते तर तिने मधे हात घातला. "नोको पाजू वो. इख दुधात उतरते." सासूने मान डोलावली. दोघींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. पिशवीत बाटली होती, बाटलीत बकरीचं दूध. माझं दूध मी वाटीत पिळून फेकायचं, आणि तेही झाडाच्या मुळाशी नाही, झाड जळून जाईल म्हणे.

नर्सबाई ओरडल्या. डॉक्टरीण बाई येऊन स्पष्ट सांगून गेल्या, की विष औषधाने कधीच निकामी केलंय, दुधात काही नाही, आणि एवढ्या लहान जिवाला आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही. दोघी बहिणींनी डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून सगळं ऐकलं. बाई पलीकडच्या खाटेकडे वळल्याबरोबर सासूने बाटलीचं बूच काढलं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भला माणूस आहे, भांडण नको म्हणणारा. त्याने खालच्या आवाजात म्हटलं, "दोन-चार दिवस थांबू ना. काय जाते?"

मी म्हटलं, "ती जाते."

मी सासूच्या हातातून बाटली घेतली आणि खाटेखालच्या बादलीत उपडी केली. मग सगळ्यांसमोर पोरीला पदराखाली घेतलं. तिला नीट ओढता येत नव्हतं. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा धरलं, आणि तिच्या कानामागची एवढीशी शीर हलायला लागली. ती गिळत होती. माझा पाय ठणकत होता, टाके दुखत होते, पण मी हलले नाही.

सासूची बहीण रागाने निघून गेली. सासू मात्र गेली नाही. स्टूल ओढून खाटेला टेकून बसली आणि पोरीचा हात हातात घेतला. मला वाटलं माया करतेय. ती नखं पाहत होती, निळी पडतात का ते. मी पाजलं की ती नखं पाहायची. मी पुन्हा पाजलं की पुन्हा पाहायची. कधी ओठ, कधी तळपाय. जेवायला उठली नाही. आपल्या नातीला तिची आई विष पाजतेय असं खरंच वाटत असताना ती तिथे बसून राहिली होती. तिची मला कीव आली असती, पण राग पुढे उभा होता.

दिवस मावळायच्या वेळी पोर पोट भरून झोपलं. नखं लाल होती. गावातल्या काही बायका भेटायला आल्या. सासूने पोरीच्या अंगावरचं फडकं बाजूला करून ते गुलाबी हातपाय त्यांना दाखवले, आणि कौतुकाने म्हणाली, "पाहा वो बाई, केवढीशी आहे, पर इख पचवलं पोरीनं."

बायकांनी पोरीच्या कपाळावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. माझ्या दोन्ही हातांना सुयांचे काळे डाग होते, पाय उशीवर होता, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"इख मी पचवलं, आई," मी म्हटलं. "तिनं दूध पेलं. माहं."